यादीत नाव आहे, पण या जोखमीचा अधिकार आहे का?

वाचक लिहितात:

"मी लंडनच्या विमा बाजारात एका ब्रोकर कंपनीत काम करते. आमच्या एका ग्राहकाची लाकूड आणि फर्निचरची दोन गोदामं आहेत, एकाच आवारात, मध्ये फक्त भिंत. प्रत्येकात साधारण ४० लाख पौंडांचा माल. विमा एका कव्हरहोल्डरकडून (विमाकर्त्यांच्या नावानं विमा देणाऱ्या संस्थेकडून) घेतला. त्यांनी 'लॉइड्सच्या अंडररायटर्सच्या वतीने' अशी दोन सर्टिफिकेटं पाठवली, प्रत्येक गोदामाचं एक. मी बाइंडरची, म्हणजे हा अधिकार देणाऱ्या कराराची, प्रत मागितली, तर ती गोपनीय आहे म्हणाले. माझे वरिष्ठ म्हणतात, लॉइड्सच्या यादीत त्यांचं नाव आहे, अजून काय पाहिजे? ग्राहकाच्या बँकेला शुक्रवारपर्यंत कागद हवेत. मला मात्र चैन पडत नाही. त्यांच्याकडे खरोखर अधिकार आहे याची खात्री कशी करायची? विचारलं तर संबंध बिघडतील का? आणि ग्राहकाला हे सांगायचं का?"

तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा बरं वाटलं. शंका आली आणि ती तुम्ही गिळून टाकली नाहीत. आता सरळ उत्तर देतो: विचारा, आजच विचारा, लेखी विचारा. आणि ज्याच्याकडे अधिकार आहे असं तो स्वतः म्हणतोय त्याला विचारून थांबू नका. ज्यानं तो अधिकार दिला, त्याच्यापर्यंत प्रश्न पोचला पाहिजे. कुलमुखत्यारपत्र दाखवून कुणी जमीन विकायला आला, तर शहाणा खरेदीदार मूळ मालकाला गाठतो. इथेही तेच करायचं आहे.

तुमच्या वरिष्ठांनी यादी पाहिली हे योग्यच केलं. लॉइड्सच्या संकेतस्थळावरच्या मार्केट डिरेक्टरीत नाव असणं म्हणजे ती संस्था मान्यताप्राप्त कव्हरहोल्डर आहे. ब्रिटनमधली संस्था असेल तर एफसीएच्या, म्हणजे तिथल्या वित्तीय नियामकाच्या, नोंदवहीतही तिचं नाव आणि नोंदणी क्रमांक सापडायला हवा. तो जुळतो का ते पाहा, आणि फोन नंबर व पत्ता सर्टिफिकेटवरून घेण्याऐवजी नोंदवहीतून घ्या. खऱ्या कंपनीचं नाव आणि क्रमांक वापरून बनावट कंपनी उभी करण्याचे प्रकार होतात आणि एफसीए त्याबद्दल सतत सावध करत असते. बनावट कागदावरच्या नंबरवर फोन केलात तर बनावट माणूसच "हो" म्हणणार.

पण यादी इथेच संपते. ही संस्था आहे कोण, हे ती सांगते. तुमच्या ग्राहकाचं लाकूड, त्या आवारात, त्या रकमेला, त्या तारखेपासून स्वीकारण्याची मुभा या संस्थेला आहे का, हे यादीवरून कळत नाही. ते सगळं बाइंडरमध्ये असतं.

जे वाचक या धंद्यातले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लॉइड्स ही विमा कंपनी नाही, तो बाजार आहे. जोखीम घेतात ती सिंडिकेटं, म्हणजे भांडवल मागे उभं करणाऱ्या सभासदांचे गट, आणि प्रत्येक सिंडिकेटचा कारभार एक मॅनेजिंग एजंट पाहतो. दर वेळी प्रत्येक लहानमोठी जोखीम अंडररायटरच्या, म्हणजे ती घ्यायची की नाही ते ठरवणाऱ्याच्या, टेबलावर नेणं शक्य नसतं. म्हणून सिंडिकेटं एखाद्या संस्थेला करार करून देतात, की अमुक चौकटीत तुम्ही आमच्या नावानं विमा स्वीकारा, सर्टिफिकेट काढा, आणि काय काय घेतलंत त्याचे तक्ते आम्हाला ठरल्या वेळी पाठवा. या तक्त्यांना बाजारात बॉर्ड्रो म्हणतात. करार म्हणजे बाइंडर आणि करार घेणारी संस्था म्हणजे कव्हरहोल्डर. लॉइड्सबाहेरच्या विमा कंपन्याही असेच अधिकार देतात. तिथे अशा संस्थेला बहुतेक वेळा एमजीए (मॅनेजिंग जनरल एजंट) म्हणतात.

ही चौकट किती बारीक असते याची कल्पना अनुभवी ब्रोकरांनाही कधी कधी नसते. बाइंडरला मुदत असते, बहुधा वर्षभराची. तुमच्या विम्याची सुरुवातीची तारीख त्या मुदतीत पडली पाहिजे. कोणत्या प्रकारचा विमा, कोणत्या देशातला ग्राहक, कोणत्या प्रदेशातली मालमत्ता, हे सगळं लिहिलेलं असतं. वर्षभरात एकूण किती प्रीमियम लिहिता येईल त्याचीही कमाल रक्कम असते, आणि ती गाठली की पुढचा विमा विचारल्याशिवाय घेता येत नाही. विमा बांधण्याचा, म्हणजे विमाकर्त्याच्या वतीनं पक्का करण्याचा, अधिकार संस्थेतल्या सगळ्यांना नसतो, तो नावानिशी दिलेला असतो. तेव्हा सर्टिफिकेटवर सही कुणाची आहे तेही पाहा. आणि कव्हरहोल्डरनं हा अधिकार पुढे तिसऱ्याच कुणाला देऊन टाकणं, स्पष्ट परवानगी नसेल तर चालत नाही. तुम्हाला कागद कव्हरहोल्डरकडून थेट आले की मधल्या कुणा एजंटाकडून, हे पत्रात लिहिलेलं नाही. ते तपासा.

शिवाय अधिकाराच्या पायऱ्या असतात. काही बाइंडरांत कव्हरहोल्डर स्वतःच्या अकलेनं दर ठरवू शकतो. काहींत दर आधीच ठरवून दिलेले असतात, त्याबाहेर जायचं नाही. काहींत प्रत्येक जोखीम आधी अंडररायटरला दाखवून होकार घ्यावा लागतो, मगच सर्टिफिकेट निघतं. यादीत नाव दिसलं म्हणून तुमच्या बाइंडरात यातली कोणती पायरी आहे ते कळेलच असं नाही. लाकडासारखा पटकन पेटणारा माल ही अशी गोष्ट आहे, की एरवी पूर्ण अधिकार दिलेला असला तरी त्यापुरतं "आधी विचारा" असं कलम असण्याची दाट शक्यता.

आता तुमच्या पत्रातली एक गोष्ट. तुम्ही ती सहज लिहिलीत, पण माझी नजर तिथेच अडकली. एक आवार, मध्ये एक भिंत, आणि सर्टिफिकेटं दोन. का? बाइंडरमध्ये बहुतेक वेळा एका ठिकाणच्या जोखमीला कमाल रक्कम ठरलेली असते. समजा ती ५० लाख आहे. ४० लाखांचं प्रत्येक सर्टिफिकेट वेगळं पाहिलं तर मर्यादेत बसतं. दोन्ही मिळून ८० लाख होतात, आणि आग भिंत ओळखत नाही. असं घडलंच आहे असं मी म्हणत नाही. कदाचित बाइंडरच्या व्याख्येनुसार ती दोन ठिकाणं ठरत असतील, कदाचित मधली भिंत अग्निरोधक असेल आणि अंडररायटरनं ते मान्य केलं असेल, कदाचित ग्राहकाच्या हिशेबाच्या सोयीसाठी दोन कागद केले असतील. यातलं काहीही खरं असू शकतं. पण तुमच्या सगळ्या प्रश्नांमध्ये हा सर्वांत आधी विचारायचा आहे, आणि तो विचारताना दोन्ही सर्टिफिकेटं एकत्र दाखवायची. एकच पाठवलंत तर होकार मिळेल आणि त्या होकाराचा उपयोग शून्य.

दुसरी जागा म्हणजे टक्केवारी. सर्टिफिकेटवर रक्कम पूर्ण लिहिलेली असते, पण बाइंडरमागची सिंडिकेटं मिळून कधी कधी ६० टक्केच जोखीम घेत असतात. उरलेले ४० टक्के दुसऱ्या बाइंडरवर किंवा दुसऱ्या कंपनीकडे असायला हवेत. प्रत्येक विमाकर्ता आपल्या हिश्श्यापुरताच जबाबदार असतो, शेजाऱ्याचा हिस्सा तो भरत नाही. म्हणून सर्टिफिकेटसोबत विमाकर्त्यांची यादी आणि प्रत्येकाचा हिस्सा मागा, आणि बेरीज १०० होते का ते स्वतः करून पाहा. होत नसेल तर उरलेल्या भागाचा कागद कुठे आहे, हे विचारायचं.

विचारायचं कुणाला? सर्टिफिकेटवर बाइंडरचा यूएमआर, म्हणजे बाजारातला ओळख क्रमांक, असेल. तो 'बी' अक्षरानं सुरू होतो, पुढचे चार आकडे बाइंडर बाजारात मांडणाऱ्या ब्रोकरचे असतात, त्यापुढे जास्तीत जास्त बारा अक्षरं-आकडे. म्हणजे क्रमांकावरूनच तुम्हाला मधला ब्रोकर सापडतो. त्यांच्या बाइंडर विभागाला लिहा आणि लीड सिंडिकेटच्या (बाइंडरवरच्या सिंडिकेटांत पुढाकार घेणाऱ्या सिंडिकेटच्या) मॅनेजिंग एजंटकडून खात्री आणून द्यायला सांगा. मॅनेजिंग एजंटांकडे अशा सोपवलेल्या अधिकारांवर देखरेख करणारी माणसं असतात, त्यांना हे प्रश्न नवीन नाहीत. उत्तर यायला वेळ लागत असेल तर त्यांच्याशी थेट बोलायलाही हरकत नाही, फक्त मधल्या ब्रोकरला प्रत ठेवा. यूएमआर बरोबर निघाला एवढ्यावर मात्र समाधान मानू नका. तो क्रमांक त्या बाइंडरखाली निघालेल्या प्रत्येक सर्टिफिकेटवर छापलेला असतो. कुणीही उचलून लावू शकतो.

पत्र लहान ठेवा, पण प्रश्न असे घाला की नुसतं "होय, सर्व ठीक" लिहून कुणाला सुटता येऊ नये. मी असं लिहीन:

"सोबत जोडलेली दोन सर्टिफिकेटं खालील यूएमआरच्या बाइंडरखाली काढली असल्याचं आम्हाला कळवण्यात आलं आहे. दोन्ही गोदामं एकाच आवारात असून मध्ये एक भिंत आहे. एकूण माल अंदाजे ८० लाख पौंडांचा आहे, लाकूड आणि फर्निचर. कृपया पुढील गोष्टी लेखी कळवाव्यात. सर्टिफिकेटांवरच्या सुरुवातीच्या तारखेला हा बाइंडर चालू होता का. या प्रकारचा माल, ही जागा आणि ही एकत्रित रक्कम कव्हरहोल्डरच्या अधिकारात बसते का. आधी मान्यता घेणं आवश्यक असल्यास ती कोणत्या तारखेला आणि कुणी दिली. सही करणारी व्यक्ती विमा बांधण्यास अधिकृत आहे का. बाइंडरवरील विमाकर्ते कोण आणि प्रत्येकाचा हिस्सा किती. प्रीमियम कव्हरहोल्डरकडे जमा झाला की तो विमाकर्त्यांना मिळाला असं मानलं जातं का."

भिंतीचं वाक्य गाळू नका. उत्तर कितपत खरं ठरेल हे तुम्ही किती सांगितलंत त्यावर अवलंबून असतं.

शेवटचा प्रश्न पैशांचा आहे, आणि लोक तो हमखास विसरतात. अधिकार खरा असला तरी ग्राहकानं भरलेला प्रीमियम कव्हरहोल्डरच्या खात्यात अडकला आणि ती संस्था बुडाली, तर ते पैसे कुणाचे? विमाकर्त्याशी झालेल्या करारात 'कव्हरहोल्डर आमचा एजंट म्हणून पैसे घेतो' असं असेल, तर त्याला पैसे मिळाले त्या क्षणी विमाकर्त्याला मिळाले असं धरलं जातं, ग्राहक सुरक्षित. तसं नसेल तर तुम्हाला ग्राहकाचे पैसे कोणत्या खात्यातून जातात ते पाहावं लागेल. एका ओळीचा प्रश्न आहे, विचारून ठेवा.

बाइंडरची प्रत नाकारली म्हणून लगेच संशय घेऊ नका. त्यात कमिशन असतं, नफ्यातला वाटा असतो, इतर ग्राहकांना लागू होणारे दर असतात. ते दाखवायला कुणी तयार नसेल तर त्यात गैर काही नाही. पण पैशांची पानं झाकून मुदत, मर्यादा आणि विमाकर्त्यांचे हिस्से दाखवणारा उतारा देता येतो, किंवा वरच्या पत्राचं उत्तर देता येतं. प्रत नाकारणं समजण्यासारखं आहे. प्रश्नाचं उत्तरच नाकारणं समजण्यासारखं नाही, आणि तसं झालं तर मी तिथे विमा ठेवणार नाही.

कायद्याची बाजूही तुम्हाला माहीत असावी, कारण तुमच्या वरिष्ठांशी बोलताना ती उपयोगी पडेल. इंग्लंडच्या कायद्यात एजंटला प्रत्यक्ष अधिकार नसला तरी 'दिसणारा अधिकार' मालकाला, म्हणजे ज्याच्या वतीनं तो वागतो त्याला, बांधू शकतो. मात्र तो दिसणारा अधिकार मालकाच्या बोलण्यावागण्यातून निर्माण व्हायला लागतो. एजंटनं स्वतःच "मला अधिकार आहे" म्हटल्यानं सहसा होत नाही. १९६४ च्या फ्रीमन अँड लॉकयर खटल्यात अपील न्यायालयानं हे तत्त्व मांडलं आणि १९८६ मध्ये आर्मागास विरुद्ध मुंडोगास खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सनं ते पक्कं केलं. आता तुमच्या बाबतीत पाहा. लॉइड्सच्या सिंडिकेटांनी या संस्थेला कव्हरहोल्डर म्हणून जगासमोर उभं केलं आहे. आतल्या मर्यादेची काहीच कल्पना नसलेल्या ग्राहकाला त्याचा आधार मिळू शकतो. पण जिला शंका आली होती, जिनं प्रत मागितली होती, जिला नकार मिळाला होता, तिनं पुढे काहीच केलं नाही, तर तो आधार ढिला पडतो. आणि तुम्ही ग्राहकाच्या एजंट आहात, त्यामुळे तुम्हाला जे माहीत आहे ते ग्राहकाला माहीत होतं असं धरलं जाऊ शकतं. तुमची ईमेल फाइलवर आहेच. प्रश्न विचारून अर्ध्यात सोडणं ही आता सर्वांत वाईट जागा आहे.

अधिकार नसताना तो आहे असं सांगणाऱ्या एजंटवर थेट दावा लावता येतो, हे १८५७ च्या कॉलन विरुद्ध राइट खटल्यापासून ठरलेलं आहे. कागदावर दिलासा आहे. पण जळलेल्या ८० लाखांच्या मालाची भरपाई एका मध्यस्थ संस्थेच्या तिजोरीतून निघेल का, याचा विचार तुम्हीच करा.

संबंध बिघडतील का, असं तुम्ही विचारलंत. ज्यांनी अधिकार दिला त्यांना तुमचा प्रश्न हवाच असतो, आणि त्याला इतिहास आहे. १९७६ मध्ये लॉइड्सच्या सिंडिकेट ७६२ च्या नावावर, टिम सासे अंडररायटर असताना, फ्लोरिडातल्या एका संस्थेला विमा बांधण्याचा अधिकार दिला गेला. लॉइड्सची तेव्हाची पडताळणी त्या संस्थेनं पार केलेली नव्हती. तरी त्या अधिकाराखाली न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समधल्या मोडकळीला आलेल्या इमारतींचे आगीचे विमे सिंडिकेटच्या माथी आले. इमारती जळत गेल्या आणि तोटा दोन कोटी पौंडांच्या वर गेला. त्या सिंडिकेटमागे ज्यांची स्वतःची मालमत्ता पणाला लागलेली होती त्या सभासदांनी शेवटी लॉइड्सविरुद्धच कोर्ट गाठलं. लॉइड्सच्या कारभाराची चौकशी आणि पुढे १९८२ चा लॉइड्स कायदा ज्या घटनांमुळे आला, त्यांत या प्रकरणाची गणना होते. तेव्हा एखाद्या ब्रोकरनं वेळेत "ही जोखीम तुमच्या नावावर येतेय, तुम्हाला चालतेय ना?" असं लीड अंडररायटरला विचारणं हे त्याच्यावर उपकारच असतात. चांगला कव्हरहोल्डरही रागावत नाही. त्याची मान्यता टिकायची असेल तर त्याला ऑडिटरसमोर हेच प्रश्न सोडवायचे असतात.

आता शुक्रवार. उत्तर तोवर आलं नाही तर बँकेला खात्री असल्यासारखं काही पाठवू नका. "सर्टिफिकेटं मिळाली आहेत, विमाकर्त्यांकडून अधिकाराची लेखी खात्री मागवली आहे, ती मिळताच कळवू" एवढं खरं वाक्य पाठवता येतं. बँकेला दोन दिवस थांबणं परवडतं. तुमच्या सहीचं चुकीचं पत्र त्यांच्या फाइलमध्ये राहणं तुम्हाला परवडत नाही.

ग्राहकाला सांगा, आजच. घाबरवायची गरज नाही. विमा झाला असं कव्हरहोल्डर म्हणतोय, पण एका आवारातली एकत्रित रक्कम त्याच्या मर्यादेत बसते का हे आम्ही विमाकर्त्यांकडून पक्कं करून घेतोय, असं साध्या शब्दांत लिहा. त्या भिंतीची माहितीही त्याच्याकडूनच मागा: कशाची आहे, दारं आहेत का, स्प्रिंकलर आहेत का. तुमच्या वरिष्ठांनाही हे पत्र पाठवण्यापूर्वी दाखवा. ते नाही म्हणाले तर कारण लेखी मागा आणि तुमच्या कंपनीच्या कम्प्लायन्स (नियमपालन) विभागाकडे जा. त्यासाठीच तो विभाग आहे.

आणि उत्तर "अधिकारात बसत नाही" असं आलं, तर सगळं संपलं असं समजू नका. तोच लीड अंडररायटर ही एक जोखीम खास बाब म्हणून मान्य करू शकतो. ते फोनवर ऐकून सोडू नका. मान्यता दोन्ही गोदामं मिळून आहे हे त्यात लिहिलेलं हवं, बाइंडरवरच्या बाकीच्या सिंडिकेटांना ती बांधते की त्यांची वेगळी घ्यावी लागते ते स्पष्ट हवं, आणि विमा पहिल्या सर्टिफिकेटच्या तारखेपासून लागू की आजपासून, हेही. आजपासून असेल तर मधल्या दिवसांत काही नुकसान झालेलं नाही ना, हे ग्राहकाकडून त्याच दिवशी लेखी घ्या.